आहेराची वही

लग्नाच्या कार्यालयात, जेवणाच्या हॉलकडे वळण्याआधी एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर दोनशे पानी वही, सुतळीने बांधलेलं पेन आणि मागे घरातला असा एक माणूस, जो पाकीट फोडताना इकडचं तिकडे करणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. आमच्या घराण्यात तो माणूस गेली तीस वर्षं मी आहे. सिन्नरचे मावसकाका, १०१. पिंपळगावची आत्या, साडी आणि ५१. समोरच्या बिल्डिंगमधले बँकवाले, स्टीलचा डबा, आत चिठ्ठी. वऱ्हाड मार्गी लागलं की रात्री सतरंजीवर बसून ही वही मोठ्याने वाचली जाते आणि आत्याच्या नातवाच्या मुंजीला आपण किती घालायचे ते तिथल्या तिथे ठरतं. आमच्या आईला तिच्या लग्नापासूनचे आकडे तोंडपाठ होते. तेव्हा कोणी पाच रुपये घातले असतील, तर महागाई धरून त्याचे आता किती होतात, हेही ती सांगे.

नोकरी मात्र मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात केली. कोणत्या, ते सांगत नाही. पीएफचा शेवटचा कागद अजून तिथेच आहे. तिथे गेल्यावर कळलं की आहेराची वही विज्ञानातही असते. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड नावाच्या गृहस्थांनी १९५५ साली तिची कल्पना मांडली आणि १९६४ साली ती छापून विकायलाही काढली. कोणाच्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, त्याची ही वही. उल्लेखाला सायटेशन म्हणायचं. पुढे याच वहीतून इम्पॅक्ट फॅक्टर निघाला: एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले. कपाटात जागा थोडी आणि वर्गणीला पैसे त्याहून थोडे, तेव्हा कोणतं नियतकालिक घ्यावं हे ग्रंथपालाला कळावं, असा त्याचा एक साधा उपयोग होता. म्हणजे वस्तू आमच्यासाठी केलेली. ती प्राध्यापकांच्या अंगावर कधी चढली ते मला कळलं नाही. दुपारच्या वेळी ग्रंथालयात डोळा लागतो, तेव्हाच कधीतरी हे घडलं असावं. १८७९ साली सुरू झालेला आणि २००४ साली छापायचा थांबलेला ‘इंडेक्स मेडिकस’ मी स्वतःच्या हातांनी वरच्या फळीवर चढवला आहे. माझ्या कंबरेचं दुखणं त्याचंच. त्यावर आजवर एकही निबंध निघालेला नाही.

निवृत्तीनंतर मी भाच्याच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात बसतो. दुकान दिंडोरी रोडला आहे, आणि जागा भाच्याने विचार करून घेतली आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून नाशिकला दोन गोष्टी विसर्जनाला येतात. एक येते रामकुंडावर. दुसरी येते म्हसरूळला. १९९८ साली इथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि अभिमत विद्यापीठांची सोडली तर राज्यातली ॲलोपथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत, नर्सिंग अशी सगळी कॉलेजं या पत्त्याला जोडली गेली. एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. बोलीत त्याला थिसिस म्हणतात. रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात हाडं विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. थिसिसबद्दल तशी श्रद्धा कोणी बोलून दाखवत नाही, पण सोडून परत निघालेल्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान असतं.

या दुकानात मला सर भेटले. सरांचं नाव इथे देत नाही, कारण ते बाकी सगळीकडे दिलेलंच आहे. त्यांच्या नावावर दोनशे चौदा शोधनिबंध आहेत. मी विज्ञानाचा माणूस नाही, पण आयुष्यभर विज्ञानाची धूळ झटकली आहे आणि एवढं सांगू शकतो की असा पुरुष पुन्हा होणे नाही.

सर चढले कसे, ते समजायला नियम माहीत हवेत. वैद्यकीय कॉलेजात बढती हवी तर ठरावीक निबंध लागतात. २०१५ च्या सप्टेंबरात त्या वेळच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की निबंधावरच्या पहिल्या आणि दुसऱ्या लेखकालाच धरलं जाईल. त्याआधी एका निबंधावर आठ-आठ जण बसत, शेवटचा तर टपावरच असे. परिपत्रकाने खालच्यांना उतरवलं. मग २०२० च्या फेब्रुवारीत तिसऱ्यालाही आत घेतलं आणि करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पत्रव्यवहार ज्याच्या पत्त्यावर करायचा त्यालाही. हलकंफुलकं डोकं असतं तर अशा नियमांनी गांगरून गेलं असतं. सरांनी भिशी काढली.

आमच्या गल्लीत बायकांची भिशी चालते. बारा जणी, महिन्याला हजार, जिची चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. सरांच्या भिशीत पाच जण होते, वेगवेगळ्या विभागांतले. वर्षाला प्रत्येकाने एक निबंध आणायचा, त्यावर पाचही नावं घालायची आणि वरच्या जागा फिरत्या ठेवायच्या. मेहनत एका निबंधाची, खात्यावर पाच. एकदा एकाने भिशी बुडवली. पहिलं नाव लागल्या महिन्यात तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात रुजू झाला आणि पुढचे हप्ते भरलेच नाहीत. सर त्या दिवशी दुकानात चहा न घेता गेले. डीनसाहेबांचं नाव प्रत्येक निबंधावर असेच, पण ते भिशीत धरत नसत. लग्नपत्रिकेत वर ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न’ छापतात. कुलस्वामिनी पंगतीला येत नाही, म्हणून काही नाव गाळायचं नसतं.

काही लोक या उद्योगाला नाकं मुरडतात. त्यांनी दुसरी बाजू पाहावी. दिल्लीचे शल्यविशारद समीरन नंदी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१६ साली एक मोजदाद छापली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती निबंध लिहिले, ते त्यांनी पाहिलं. ३३२ संस्थांनी एकही लिहिला नव्हता. दहा वर्षं, शेकडो प्राध्यापक, हजारो खाटा आणि एक ओळ नाही. मौनाचा एवढा मोठा सामुदायिक प्रयोग आपल्या ऋषिमुनींनाही जमला नसेल. पण मौन पाळून बढती होत नाही, आणि म्हणून सरांसारख्यांना ३३२ संस्थांच्या वाटचं बोलावं लागतं.

एवढं बोलायला विषय कुठून आणायचे? नाशिककराला हे सांगायला नको. मिसळीचा रस्सा एकाच पातेल्यात असतो. वर पापड ठेवला की एक डिश, दही घातलं की दुसरी, आणि चुलीवरची म्हटलं की तिसरी, वीस रुपये जास्त. सरांनी एकदा हॉस्टेलच्या शंभर मुलांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. त्यातून झोपेचे तास हा एक निबंध निघाला, मोबाईलचा वापर हा दुसरा, झोप आणि मोबाईल मिळून तिसरा. मुली वेगळ्या काढून चौथा. पाचव्याचं शीर्षक होतं, ‘हात धुण्याविषयी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण’. निष्कर्ष असा की ज्ञान चांगलं आहे, आचरणाला वाव आहे. माझ्या टायपिंगमध्ये ‘वाव’चा ‘वाद’ झाला होता आणि तो तसाच छापून आला. वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र रात्री दचकून उठत असे.

छापणारेही मोठ्या मनाचे. पहाटे तीन वाजता मेल येते: आदरणीय महोदय, दिवसाच्या शुभेच्छा, आपल्या थोर लेखणीतून आमच्या आगामी अंकासाठी काही मिळेल काय, शुक्रवारपर्यंत. हृदयरोगाच्या नियतकालिकाकडून सरांना अशी बोलावणी येतात, दंतवैद्यकाकडून येतात, एकदा मत्स्यपालनाकडूनही आलं होतं. सर कोणाला नाही म्हणत नाहीत. एका ठिकाणी आम्ही मंगळवारी रात्री निबंध पाठवला आणि गुरुवारी सकाळी स्वीकृतीचं पत्र आलं. दोन तज्ज्ञांनी तो तपासला होता. पहिल्याचा अभिप्राय: शीर्षक चांगले आहे. दुसऱ्याचा: पहिल्याशी सहमत. सोबत बँकेचा खाते क्रमांक.

या उदारपणाची परीक्षाही झाली आहे. २०१३ साली जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने कॅन्सरवरच्या औषधाचा एक खोटा निबंध रचला. चुका अशा ठेवल्या होत्या की रसायनशास्त्र बरं असलेल्या बारावीच्या पोराला सापडाव्यात. तो त्याने थोडे थोडे फरक करून ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. ज्यांना पाठवला त्यांतली सुमारे एक तृतीयांश नियतकालिकं भारतातली होती. अतिथी देवो भव हे आपण उगीच म्हणत नाही. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसंस्थेला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली, लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल. सरांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, लेखकाची दिशा आधी ठरलेली असेल तर तिची भूल कशी होईल?

आपल्याकडेही काही जणांना राहवलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली होती. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये तिची झडती घेतली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्यांपैकी तपासलेली ८८ टक्के नियतकालिकं हलक्या प्रतीची निघाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावं एका फटक्यात काढली. मग केअर नावाची नवी यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता प्रत्येक संस्थेने आपापलं पाहायचं आहे. सर म्हणाले, “काका, आपण आपलंच पाहत होतो की इतके दिवस.”

निबंध झाले, छापून आले. आता आहेर.

सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली एच-इंडेक्स काढला. तुमचे बारा निबंध असे असावेत की प्रत्येकाला निदान बारा उल्लेख आहेत. मग तुमचा एच-इंडेक्स बारा. तेरा हवा तर तेरा निबंधांना तेरा-तेरा. वर चढावं तशी पायरी उंच होत जाते, सप्तशृंगीसारखी. सरांचा एच-इंडेक्स सतरावर आला होता आणि अठरासाठी तीन निबंध एकेका उल्लेखाने अडले होते. हे तीन निबंध सरांच्या खिशातल्या डायरीत लाल शाईने लिहिलेले असत. उपवर मुलींचे बाप असेच खिशात टिपणं घेऊन हिंडतात.

तशात एका संध्याकाळी एक रेसिडेंट मुलगी थिसिस घेऊन आली. परभणीकडची. ड्यूटीवरून थेट आलेली, बोटांवर बीटाडीनचे पिवळे डाग. विषय, गरोदर बायांमधला ॲनिमिया. तिने संदर्भांची यादी माझ्यासमोर ठेवली, पन्नास नोंदी, व्हँकुव्हर पद्धतीने, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. असं काम पाहिलं की मला अजून नोकरीत असल्यासारखं वाटतं. सर शेजारच्या खुर्चीवरच होते. यादी हातात घेऊन म्हणाले, “छान. यात माझे तीन घाल.”

मुलीने शीर्षकं वाचली. झोपेचे तास. मोबाईल. हात धुणे.

“सर, पण ॲनिमियाशी याचा...”

“रक्त काढतेस ना तपासायला? कशाने काढतेस?”

“हाताने, सर.”

“हात धुतेस ना?”

ती काही बोलली नाही. सरांनी समजावून सांगितलं की रक्त कमी असलं की झोप येते, आणि रिपोर्ट हल्ली मोबाईलवरच येतो. मग पहिल्याच पानावर, ‘ॲनिमिया ही जगभरातील महत्त्वाची आरोग्यसमस्या आहे’ या वाक्याच्या शेपटाला मी चार आकडे चिकटवले. पहिला जागतिक आरोग्य संघटनेचा, पुढचे तीन सरांचे. वाक्य होतं तसंच राहिलं, आणि एक माणूस सतरावरून अठरावर गेला. वाक्याला धक्का न लावता एवढा परिणाम मी कवितेतही पाहिलेला नाही.

त्या मुलीकडे आणखी एक वही होती, शाळेतल्यासारखी, आखीव. एकशे चाळीस बायांची नावं, वय, गाव, हिमोग्लोबिन. समासात पेन्सिलीने शेरे. बऱ्याच ठिकाणी एकच शेरा होता: ‘गोळ्या मिळाल्या, खात नाही. सासू म्हणते बाळ काळं होतं.’ मी मोजले, बावीस. एका बाईने महिन्याच्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या होत्या; पुढे लिहिलं होतं, ‘तुळस बरी आहे’. हे कुठे घालू, असं तिने सरांना विचारलं. सरांनी वही बारकाईने पाहिली, पानं उलटली. तक्ता एकमध्ये वय आहे, तक्ता दोनमध्ये हिमोग्लोबिन, तक्ता तीनमध्ये आहार; सासू कोणत्याच तक्त्यात बसत नव्हती आणि तिची पी व्हॅल्यूही निघत नव्हती. तेव्हा तो मजकूर काढला. थिसिस त्यामुळे चांगला सुटसुटीत झाला. वही मुलगी दुकानातच विसरून गेली, ती माझ्याकडे आहे.

एच-इंडेक्स मिळवायला माणूसच असावं लागतं असंही नाही. १९७५ साली अमेरिकेत जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने निबंध लिहिला आणि त्यात सगळीकडे ‘आम्ही’ टाईप केलं. दुरुस्त करायचा कंटाळा आला, म्हणून आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं. निबंध चांगल्या नियतकालिकात छापून आला. २०२४ साली दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या बोक्याच्या नावे बारा निरर्थक निबंध इंटरनेटवर टाकले आणि त्या बाराही निबंधांना आहेर करणारे आणखी बारा निबंध टाकले. गूगल स्कॉलरने मांडणी केली: बारा निबंध, १४४ उल्लेख, एच-इंडेक्स बारा. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ आम्ही पाहिला आहे, पण त्यातही एवढं पुण्य एका डुबकीत पदरात पडत नाही. ही बातमी मी सरांना दाखवली. वाटलं, रागावतील. सर बराच वेळ बोक्याच्या फोटोकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “करस्पाँडिंग कोण आहे?”

भाच्याच्या धंद्यालाही या क्षेत्राने बरकत दिली. थिसिस यंत्राखालून जातो आणि चोरीचे टक्के निघतात. त्याला प्लॅग म्हणतात. “प्लॅग दहाच्या आत आणून द्या,” असं गिऱ्हाईक काउंटरवर सांगतं, गहू बारीक दळून द्या म्हणावं तसं. मग एकेक शब्द बदलायचा. ही कला जगभर चालते. गिलॉम कबानाक या फ्रेंच संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर २०२१ साली तिचे नमुने गोळा केले. छापील निबंधांत त्यांना स्तनाच्या कॅन्सरऐवजी ‘उरावरचं संकट’ सापडलं, आणि किडनी निकामी होण्याऐवजी ‘किडनीची निराशा’. मूळ इंग्रजीत हे शब्द याहून करुण आहेत. माझ्या एका चुलतभावाचं डायलिसिस चालू आहे. त्याला मी सांगितलं की तुझी किडनी निकामी नाही, निराश आहे. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

आता कोणी म्हणेल, याने नुकसान होत नाही का? होतं, पण वाचलं तर. जर्मनीचे भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे निबंध जगाने वाचले, हीच अडचण झाली. रक्त गेलेल्या रोग्याला शिरेतून द्यायच्या स्टार्चच्या द्रावाबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, आणि डॉक्टर त्यावर विसंबले. पुढे चौकशीत आकडेच खोटे निघाले. त्यांचे दोनशेहून अधिक निबंध मागे घेतले गेले. २०१३ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोल्ट यांचे प्रयोग वगळून बेरीज पुन्हा केली, तेव्हा दिसलं की त्या द्रावाने मृत्यूही वाढतात आणि किडनीही जातात. अँड्र्यू वेकफील्ड यांचा लस आणि ऑटिझमवरचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला. तोवर आणि त्यानंतरही त्याला खोडून काढणाऱ्या प्रत्येकाने त्याचा उल्लेख केला. वही उल्लेखाचं कारण लिहून ठेवत नाही. शिव्या देऊन आहेर घातला तरी रक्कम जमेला धरतात. या दोघांच्या शेजारी आमचे सर ठेवून पाहा. दोनशे चौदा निबंध, आणि एका रोग्याचा केसही वाकडा नाही. निबंध वाचूनच पाहायचा नाही, ही रोग्याच्या सुरक्षिततेची केवढी मोठी व्यवस्था आहे!

उलट काही माणसं फार अव्यवहारी असतात. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की जे कोणत्याच गटात बसेना. त्यांनी ‘लॅन्सेट’ला दोन पानांचा मजकूर पाठवला. एवढ्या मालात सरांनी निदान नऊ निबंध काढले असते. बरं, नाव तरी स्वतःचं द्यावं? त्या रक्तगटाला जग बॉम्बे म्हणतं; रक्तपेढीत फोन फिरवताना भेंडे कोणाला आठवत नाहीत, आणि वहीत शहराच्या नावावर एच-इंडेक्स जमा होत नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तर हाताबाहेरची केस. कोकणात लाल विंचू चावला की तेव्हा शंभरातले पंचवीस-तीस जण दगावत. विषाने शरीरातली रसायनं एकदम उसळतात, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होतं. बावस्कर रात्र रात्र खाटेशेजारी बसून टिपत राहिले: घाम किती, हातपाय गार कधी पडले, उलटी कधी झाली. म्हणजे सगळा समासातला मजकूर. तो त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरून पाहिली, तेही १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये. मरणारे शंभरात दोन-तीनांच्या खाली आले. २०११ साली, विंचूदंशावर प्रतिविष आल्यावर, दोन्ही मिळून दिली तर रोगी लवकर सावरतो, हे ‘बीएमजे’मध्ये दाखवलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण यात बढती कुठे आहे? एका तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या माणसाला कोणतं कौन्सिल निबंध मागत होतं? आणि हिशेबाची बाजू पाहा: त्यांनी विंचवाने मरणारी माणसं कमी केली, म्हणजे पुढच्या संशोधकांना मिळणारे रोगीच कमी केले. आपल्या क्षेत्राचं असं कोणी करतं का?

मध्यंतरी सर ‘जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञां’मध्ये जायच्या अगदी जवळ आले होते. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात. याच इओनिडिस यांनी २००५ साली, छापून येणारे बहुतेक निष्कर्ष खोटे का असतात, यावर निबंध लिहिला होता आणि त्याला अमाप उल्लेख मिळाले. फ्लेक्स मी तयार ठेवला होता. वर चार नेत्यांचे फोटो, मध्ये सर, खाली आम्ही शुभेच्छुक. यादी आली, नाव नव्हतं. फ्लेक्स उलटा करून भाच्याने पावसाळ्यात झेरॉक्स मशिनवर टाकला.

मागच्या श्रावणात सरांचे वडील वारले. नव्वद पार केलेले, शेतकरी, थोरल्या भावाकडे गावी असत. सरांना इथलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून रामकुंडावर मी बरोबर गेलो. अस्थी सोडल्या. पाऊस होता, गोदेला पाणी चढलेलं. मग पंचवटीतल्या त्यांच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गुरुजींनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आतून लाल कापडात बांधलेलं लांबोडकं बाड आणलं आणि काही मिनिटांत पान काढलं. सरांचे आजोबा इथे येऊन गेले होते. त्यांच्या आधी त्यांचे चुलते. मोडीतल्या ओळी गुरुजींनी वाचून दाखवल्या: कोण, कुठले, कोणाचे पुत्र, कोणाला घेऊन आले. शेवटी आजोबांची सही होती, बाळबोधीत, एकेक अक्षर वेगळं कोरल्यासारखं. तिच्याखाली सरांच्या वडिलांचं नाव, वय वर्षे सात.

सर पुढे वाकून पाहत होते. चष्म्याला पावसाचे थेंब तसेच होते. “एवढ्या लोकांत सापडलं कसं?” त्यांनी विचारलं.

“आधीचा पुढच्याचं नाव सांगून जातो,” गुरुजी म्हणाले. “आता तुमचं लिहायचं. बोला.”

सरांनी क्षणभर विचार केला. सवय हो, दुसरं काही नाही. “यात माझं नाव पहिलं येईल ना?”

“पहिलं गेलेल्याचं,” गुरुजी म्हणाले. “मग थोरले बंधू. मग तुम्ही.”

“म्हणजे तिसरा. तिसरा चालतो,” सर माझ्याकडे वळून म्हणाले. मग गुरुजींना म्हणाले, “आणि करस्पाँडिंग मला घाला.”

गुरुजींना शब्द कळला नाही, पण अडलंही नाही. हल्ली ते सगळ्यांचाच मोबाईल नंबर लिहून घेतात.